आधी समोरच्याची बाजू

ताईंच्या आईचा मोबाईल काढून घ्यायचा की तिच्याकडेच राहू द्यायचा, यावर परळच्या एका सतराव्या मजल्यावर रीतसर वाद झाला, आणि त्या वादात कोंबडी माझ्या हातात होती.

कोंबडी म्हणजे ताईंचा टायमर. अंडी उकडताना लावतात तसला, पिवळा, प्लास्टिकचा. मान पिळून ठेवली की चार मिनिटं टिकटिकायचा आणि मग जीव गेल्यासारखा ओरडायचा. ताई तो पर्समध्ये घेऊन फिरत. एकदा बसमध्ये तो आपला आपण वाजला, तर अर्ध्या बसने खिसे चाचपले आणि ताई आनंदाने मला म्हणाल्या, "बघ, सगळ्यांना वाटलं आपल्यालाच बोलावलं."

वादाकडे येतेच, पण आधी ताई कोण ते सांगायला हवं, नाहीतर हा सगळा वेडेपणा वाटेल. ताई माहीत झाल्यावरही वेडेपणाच वाटेल, पण निदान कुणाचा ते कळेल.

मी तेव्हा दादरला एका मराठी वेबसाइटच्या 'मतं' विभागात होते. विभाग म्हणजे ताई, मी आणि एक पंखा. खाली फरसाणाचं दुकान होतं, त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास सगळ्या मतांना चकलीचा वास यायचा. मी गिरगावातली, इंग्रजी शाळेतली. मराठी घरी बोलायचे, तीही थोडी, कारण मी कुठल्याच भाषेत फार बोलत नाही. सुरुवातीचे काही महिने मी ताईंशी, त्या शेजारच्याच खुर्चीवर असताना, चॅटवर बोलत होते. 'चहा घेणार का?' असं टाइप करायचे. ताई सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "घेईन की! पण विचारताना तुझं तोंड कुठे गेलं होतं?"

साठीच्या आसपासच्या बाई. सुती साडी, खाली जाड तळव्यांचे पळायचे बूट, एक चष्मा नाकावर आणि दुसरा डोक्यावर. परळच्या चाळीत वाढलेल्या, वडील गिरणीत. कॉलेजात त्यांनी वादविवाद स्पर्धांमध्ये इतक्या ढाली जिंकल्या होत्या की घरात ठेवायला जागा उरली नव्हती. त्यातली एक पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून बसली होती, मी स्वतः पाहिली आहे.

आमच्याकडे येणाऱ्या लेखांपैकी निम्मे तरी एकाच विषयावर असायचे: इंटरनेटने माणसाचं काय केलं. ताईंनी त्यांच्या दोन जाती पाडल्या होत्या. माणूस बिघडला म्हणणारा लेख उघडला की पहिल्याच परिच्छेदात सोफ्यावर एक आजोबा बसलेले असायचे. आजूबाजूला मुलगा, सून, नातवंडं, सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये, आणि आजोबांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या. माणूस सुधारला म्हणणारा लेख उघडला की एक मुलगी टेकडी चढत असायची. वर नेटवर्क मिळायचं, मुलगी तिथे बसून अभ्यास करायची आणि परीक्षेत पहिली यायची.

ताई लेखकाला फोन लावायच्या. "लेख छान आहे. आजोबांचं नाव काय?"

"अहो, ते प्रातिनिधिक आहेत."

"असू देत की. प्रातिनिधिक आजोबा चहा तर घेत असतील? पत्ता द्या, मी जाऊन येते."

लेखकांना नेमकं तेव्हाच दुसरं काम आठवायचं. मग ताई फोन ठेवून मला म्हणायच्या, "अगं, मुद्दा मांडायला हरकत नाही. पण बिचाऱ्या म्हाताऱ्याला कशाला रडवायचं? आणि तेही दर आठवड्याला, नवीन लेखकाच्या सोफ्यावर!"

दुसरा त्यांचा राग 'आपण' या शब्दावर. 'आपण सारे मोबाईलचे गुलाम झालो आहोत' असं कुणी लिहिलं की ताई 'आपण' काढून तिथे 'मी' घालायच्या आणि लेखकाला परत पाठवायच्या. एक निवृत्त गृहस्थ यावरून तणतणत आमच्या ऑफिसात आले. "मी कुठे गुलाम आहे? मी दिवसातून दोनदाच बघतो!"

"मग गुलाम कोण?"

"लोक!"

"बरं, मग 'लोक' लिहू. 'लोक गुलाम आहेत, मी नाही.' चालेल?"

गृहस्थांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे फार उद्धट वाटतंय."

"वाटतंयच," ताई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्ही आम्हाला बरोबर घेतलंत."

पण ताईंचा सगळ्यात जास्त राग होता तो सुरीवर. सगळं झालं की शेवटी बहुतेक लेखक सुरी काढायचे: इंटरनेट ही सुरी आहे, तिने भाजीही कापता येते आणि गळाही, सगळं वापरणाऱ्यावर आहे. हे वाक्य आलं की ताई खुर्ची मागे ढकलून उभ्या राहायच्या. "माझ्या घरी सुरी आहे. ती सकाळी सहाला मला हाक मारत नाही. 'तुमच्यासाठी नवीन कांदा आलाय' म्हणत नाही. 'तुमच्या मैत्रिणीने काय कापलं ते बघा' असं सांगत नाही. आणि मी टोमॅटो चिरायला घेतला तर मध्येच मला खुर्च्या विकत नाही!" पंख्याखाली बसलेली मी हसू दाबत राहायचे. तोपर्यंत मला वाटायचं ताई इंटरनेटच्या विरुद्ध आहेत. दुसऱ्या दिवशी कुणीतरी 'पूर्वी माणसं एकमेकांशी बोलायची' असं लिहिलेलं यायचं, आणि ताई त्याच जोरात म्हणायच्या, "बोलायची ना! आमच्या नळावर काय काय बोलायची ते मी ऐकलंय. हवं तर छापू, पण कायदेशीर सल्ला घ्यावा लागेल."

त्या कुठल्या बाजूच्या होत्या हे मला कधीच कळलं नाही. कळू नये अशीच त्यांची पद्धत होती, आणि पुढे जे झालं ते या पद्धतीमुळेच झालं, म्हणून ती सांगते. ताईंचा नियम असा: वाद घालायचा तर आधी समोरच्याची बाजू मांडायची. तीही अशी, की समोरचा म्हणाला पाहिजे, 'हो, मला हेच म्हणायचं होतं, फक्त जमलं नव्हतं.' तो असं म्हणेपर्यंत स्वतःचं तोंड उघडायचं नाही. लेखकांनाही त्या हेच सांगत. 'मोबाईलने वाट लावली' असं लिहिणाऱ्याला आधी मोबाईलच्या कौतुकाचा परिच्छेद लिहावा लागे, आणि कौतुक करणाऱ्याला त्याच्या विरुद्धचा. बरेच लेखक पळून जात. जे टिकत त्यांचे लेख खरंच वाचावेसे वाटत.

छापण्यासाठी हा नियम उत्तम होता. जगण्यासाठी भयंकर. लालबागच्या बाजारात मी ताईंबरोबर एकदा गेले. त्या भाजीवालीला म्हणाल्या, "तुझं म्हणणं असं की तू पहाटे उठून माल आणतेस, उन्हात बसतेस, अर्धी मेथी दुपारपर्यंत मान टाकते, आणि माझ्यासारख्या बाया येऊन एसीतल्या दुकानात जे तोंड उघडत नाहीत ते इथे उघडतात. बरोबर?" भाजीवालीचे डोळे चमकले. "बरोब्बर बोल्लात ताई!" त्यानंतर भाव कमी करायचा मुद्दा ताईंना मांडताच आला नाही. आम्ही दोन जुड्या जास्त घेऊन आलो. पगारवाढ मागायला त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या तेव्हाही तेच. आधी कंपनीची बाजू मांडली. साहेब म्हणाले की इतकी स्पष्ट तर त्यांनाही ती कधी मांडता आली नव्हती. त्यांनी ती लिहून मागितली आणि इतर सगळ्यांना पाठवली. त्या वर्षी कुणालाच वाढ मिळाली नाही.

सोफ्यावरचे आजोबा मात्र एकदा खरोखर सापडले. एका लेखकाने चिडून पत्ता दिला, माहीमचा. ते त्याच्या बायकोचे काका होते. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत मला ओढून नेलं. मी सगळ्या वाटेने मनात घोकत होते की त्यांनी मला काही विचारू नये. दार सुनेने उघडलं. आतमध्ये सोफा होता, सोफ्यावर आजोबा होते, इथवर लेख तंतोतंत खरा होता. फक्त कानात हेडफोन घालून मोबाईलवर लुडो खेळत होते ते आजोबा.

"बाबा, पाहुणे आलेत," सून म्हणाली.

आजोबांनी एक बोट वर केलं.

"बाबा!"

"सोंगटी घरात शिरतेय! थांब जरा!"

सून आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि चहा करता करता तिने मन मोकळं केलं. सकाळपासून बाबा कुणाशी एक शब्द बोलत नाहीत, जेवताना ताटाकडे बघत नाहीत, कोल्हापूरच्या कुठल्याशा बाईंशी लुडोत हरले की संध्याकाळभर मूड जातो. बोलताना तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. ताईंचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांना लॉटरी लागली. परत येताना त्यांनी टॅक्सीतूनच लेखकाला फोन केला. "तुमचे आजोबा सापडले हो! अगदी मजेत आहेत. फक्त ते तुमच्या लेखाच्या विरुद्ध बाजूला आहेत."

आता मोबाईल.

ताईंची आई त्यांच्या धाकट्या भावाकडे राहायची, परळलाच. चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता, त्यात सतराव्या मजल्यावर. भाऊ एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, लग्न केलेलं नव्हतं, घरात ही दोघंच. आई म्हणजे आजी जुन्या चाळीत भीमजयंतीला गाणाऱ्या. आवाज इतका खडा की तळमजल्यावर गायल्या तर गच्चीवरचे लोक पुढचं कडवं धरायचे. चाळ पाडली तेव्हा गाण्यातल्या बाकी बायका पांगल्या. कुणी बदलापूरला, कुणी विरारला, कुणी पनवेलच्या पुढे. मग कुणाच्या तरी नातीने 'गॅलरी तिसरा मजला' असा ग्रुप करून दिला, आणि रोज दिवेलागणीला या सगळ्या जणी व्हिडिओवर जमून गायला लागल्या. आवाज मागेपुढे व्हायचे. विरारची ओळ बदलापूरच्या आधी यायची आणि पनवेल नेहमी एक कडवं मागे. पण गायच्या.

इथपर्यंत कुणाचीच तक्रार नव्हती. मग मास्तरांचं झालं. हे मास्तर म्हणजे चाळीतले पेटीवाले. त्यांच्या वाढदिवसाला मुलाने त्यांना हार घालून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. आजींनी चष्म्याशिवाय तो पाहिला. हार, फोटो, एवढंच दिसलं. त्यांनी लगेच लिहिलं, 'मास्तर गेले. पेटी मुकी झाली.' आणि मिळतील तेवढ्या ग्रुपवर पाठवून दिलं. दोन तासांत कल्याण, चेंबूर, नायगाव, कुठून कुठून माणसं पांढरी फुलं घेऊन मास्तरांच्या दारात. दार मास्तरांनीच उघडलं, बनियनवर. शेवटी सगळ्यांनी फुलं त्यांच्याच हातात दिली. मास्तर फार खूश झाले म्हणे. "एवढी गर्दी होणार असेल तर बरंच आहे," म्हणाले. पण भाऊ सोसायटीचा सेक्रेटरी, त्याला आठवडाभर लिफ्टमध्ये मान वर करता आली नाही.

तरी ते हसण्यावारी गेलं असतं. पण नंतर आजींनी एक व्हिडिओ पाहिला. पांढरा कोट घातलेला एक माणूस सांगत होता की ब्लडप्रेशरच्या गोळ्या म्हणजे विष, त्या बंद करा आणि दुधीचा रस प्या. आजींनी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. काही दिवसांनी त्या सिंकपाशी चक्कर येऊन पडल्या. भाऊ घरात होता म्हणून बरं. दोन दिवस हॉस्पिटलात काढून त्या घरी आल्या, आणि भावाने ताईंना फोन केला: बस झालं, मी मोबाईल काढून घेतोय.

ताईंनी तो फोन ऑफिसात स्पीकरवर घेतला होता. "असा कसा काढून घेतोस? ती काय लहान आहे? वाद होऊ दे. रविवारी. आई ऐकेल आणि आईच ठरवेल."

"ताई, हे घर आहे, तुझं कॉलेज नाही."

"घरात तर जास्तच नियम पाहिजेत." मग माझ्याकडे वळून, "तू येशील. वेळ बघायला."

मी टाइप केलं, 'मी कशाला?'

"कारण तू कुणाच्याच बाजूने बोलत नाहीस," ताई मोठ्याने म्हणाल्या. "तू बोलतच नाहीस!"

तर अशी मी कोंबडी घेऊन तिथे बसले. आजी पलंगावर, पाठीला उशी, मांडीवर मोबाईल, त्यावर हात. मनगटावर सलाइनची निळी खूण अजून होती. चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा. भाऊ भिंतीला टेकून, हाताची घडी घालून.

"आई, तू ठरवशील तेच होईल," ताई म्हणाल्या. "कबूल?"

"कबूल," आजी म्हणाल्या. "पण लवकर आटपा. बाया वाट बघत असतील."

"मोबाईल आईकडे राहावा, ही माझी बाजू. काढून घ्यावा, ही त्याची. नियमाप्रमाणे मी आधी त्याची मांडते." ताईंनी पदर खोचला. मी कोंबडीची मान पिळली.

ताई बोलल्या. मी त्यांना इतक्या लेखकांशी भांडताना ऐकलं होतं, पण असं नाही.

"आईला सगळं येतं," त्या म्हणाल्या. "एकच येत नाही, संशय घ्यायला. का येईल? चाळीत इतकी वर्षं जे कुणी दारात येऊन बोललं ते ओळखीचंच होतं. नळाला पाणी नाही म्हणाले तर नसायचंच. डॉक्टर आले म्हणाले तर डॉक्टरच आलेले असायचे. आता दार तेच आहे, पण त्यातून कुणीही येतं. कोट घालून येतं, तिला 'आई' म्हणतं. आणि आईला कुणी आई म्हटलं की ती ऐकते. त्या माणसाला हिचं नाव माहीत नाही. ही पडली ते माहीत नाही. हिने एकदा दुधी बघितला म्हणून तो रोज दुधी घेऊन येतो, एवढंच. आपण म्हणतो तिला समजावून सांगू. किती वेळा? तो रोज येतो, आपण रविवारी येतो." त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला. कोंबडी टिकटिकत होती. "आणि ती सिंकपाशी पडली तेव्हा मी नव्हते. हा होता. याने तिला उचललं. मी लालबागला माझ्या घरी बसून, मोबाईल वाईट की चांगला, यावरचा कुणाचा तरी लेख तपासत होते. तेव्हा याला जर वाटत असेल की पुन्हा ते नको, तर त्याला ते वाटायचा हक्क माझ्यापेक्षा जास्त आहे."

कोंबडी ओरडली. भाऊ डोळे पुसत होता. "हेच," तो म्हणाला. "मला हेच म्हणायचं होतं."

"झालं!" ताई विजयाने म्हणाल्या. "आता माझी..."

"पटलं," आजी म्हणाल्या. आणि त्यांनी मोबाईल उचलून भावाच्या हातात दिला.

"आई! अगं, ही माझी बाजू नाही! ही त्याची आहे!"

"कुणाची का असेना. खरं आहे ना?"

"पण मी आता ते खोडून काढणार होते!"

"का? एवढं छान बोललीस. खोडतेस कशाला?"

भावाने मोबाईल शर्टाच्या खिशात टाकला. "संपला वाद. चहा ठेवतो."

ताई खोलीच्या मध्यभागी तशाच उभ्या राहिल्या, पळायच्या बुटांत, तोंड उघडं. हे भाजीवालीसारखं नव्हतं, पगारासारखं नव्हतं. आजींनी रिकाम्या मांडीवरची चादर नीट केली, मग आणखी एकदा नीट केली, आणि खिडकीकडे बघत बसल्या.

"नाही," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मीही, जमलं असतं तर, पाहिलं असतं.

"तुमची पाळी आहे," मी भावाला म्हणाले. माझा आवाज कोंबडीपेक्षा बारीक निघाला. "त्यांनी तुमची बाजू मांडली. तुम्ही त्यांची मांडायला हवी. म्हणजे... नियम आहे."

"मी? मला नाही येत बोलायला."

"चार मिनिटं," मी म्हणाले आणि मान पिळली, कारण आणखी एक वाक्य मला झेपलं नसतं.

भाऊ उभा राहिला. "अध्यक्षमहोदय," तो मला म्हणाला. टिकटिक. "आईला मोबाईल हवा, कारण तिला तो आवडतो. धन्यवाद." आणि बसला.

"अरे हा काय मुद्दा झाला?" ताई उसळल्या. "उदाहरण दे! कुणाचं तरी नाव घे!"

"तू गप्प बस, वेळ माझी आहे." तो परत उभा राहिला. भिंतीवरचा प्लास्टरचा पोपडा नखाने खरवडत बोलायला लागला, कुणाकडेही न बघता. "आपल्या चाळीत दार लावलेलं मला आठवत नाही. इथलं दार आपलं आपण लागतं. खट् करून. मी ड्यूटीला निघालो की पाठीमागे ते खट् होतं, आणि लिफ्ट येईपर्यंत मी उभा असतो आणि मला वाटतं, आत आता कुणीच नाही, फक्त आई आहे." पोपडा गळून पडला. "दुसऱ्या पाळीला जेवायच्या सुट्टीत घरी येतो ना, तेव्हा बेल मारायच्या आधी मी कान लावतो. तेव्हा यांचं चालू असतं. आई वर, बाकीच्या खाली. मंजुळामावशीचा तर काय आवाज, म्हैस बरी. मग मी तिथेच उभा राहतो. बेल मारत नाही. कडवं संपू देतो. ज्या दिवशी आतून काही येत नाही..." त्याने खिशाला हात लावला. "ती हॉस्पिटलमधून आल्यापासून मोबाईल मीच बंद ठेवला होता, आज चालू करून तिला दिला. दोन दिवस काही आलं नाही. मी बेल मारायच्या आधीच किल्ली लावायला लागलो."

तो खाली बसला. कोंबडीची दोन मिनिटं तरी उरली असतील. ती एकटीच बोलत राहिली.

आजी त्याच्याकडे बघत होत्या. "बाबू," त्या म्हणाल्या, "मंजुळा म्हैस आहे हे तू तिला सांगितलंस?"

"आई, मी काय म्हणतोय..."

"ऐकलं मी तू काय म्हणतोयस." त्यांनी हात पुढे केला. "हिने सांगितलं तेही खरं. तू सांगतोस तेही खरं. आता तुम्ही दोघांनी मला मध्ये ठेवून भांडू नका. दे इकडे."

"आणि गोळ्या? गोळ्यांचं काय?" भाऊ म्हणाला. "परत कुणी कोटवाला आला तर?"

ताईंनी बोट वर केलं आणि तसंच खाली घेतलं. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजायला लागला. त्याने तो काढला, पाहिला, आणि काय करावं न कळून हिरवं बटण दाबलं. खोलीत एकदम आठ-दहा बायका शिरल्या.

"जय भीम! अगं कुठे मेलीस चार दिवस?" एक आवाज आला, आणि तो मंजुळामावशींचाच, हे मला कुणी सांगायला लागलं नाही. "आणि हे काय, बाबू दिसतोय! आई कुठाय?"

"आहे, मावशी. पडली होती. गोळ्या बंद केल्या होत्या तिने. व्हिडिओ बघून."

ओरडाओरडा झाला. विरारने एक शिवी दिली, ती बदलापूरला थोड्या वेळाने पोचली आणि तिथेही आवडली. "कुठली गोळी? आण इकडे ती गोळी!" मंजुळामावशी म्हणाल्या. "आमच्यासमोर घे. रोज गाण्याआधी घ्यायची. गोळी नाही तर गाणं नाही. काय गं बायांनो?"

"नाही म्हणजे नाही!" पनवेलहून उशिरा आलं.

भावाने गोळी आणली, पाणी आणलं. आजींनी गोळी तोंडात टाकली.

"जीभ दाखव."

"अगं गिळली!"

"जीभ दाखव! तू इंजेक्शनच्या रांगेतून पळालेलीस, मला ठाऊक आहे. वर कर. गालात नाही ना?"

आजींनी मोबाईल समोर धरून जीभ काढली. वर केली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली. पलीकडे टाळ्या पडल्या.

"आणि मागे उभा आहेस तो तू, बाबू? तुला पण बीपी आहे ना रे?"

"मी सकाळी घेतली, मावशी."

"खोटं," आजी म्हणाल्या. "पाकीट परवापासून तसंच पडलंय."

दिवसभर एक्स-रे काढताना लोकांना 'श्वास रोखा' म्हणणारा तो माणूस निमूटपणे गोळी गिळून मोबाईलपुढे वाकला आणि त्याने जीभ काढली. मी हसू दाबायला कोंबडी तोंडावर धरली. ती तेव्हाच ओरडली.

ताईंना आता राहवलं नाही. त्या पुढे झाल्या. "मावशी, मुद्दा असा आहे की, ज्या गोष्टीमुळे हिने गोळ्या सोडल्या त्याच गोष्टीतून तुम्ही..."

"तू कोण, थोरली का? तुझी गोळी कुठाय?"

"माझं काय आत्ता... मी म्हणत होते की दोन्ही बाजूंनी..."

"पर्समध्ये आहे तिच्या," आजी म्हणाल्या. "दे गं पोरी." हे मला.

मी पर्स पुढे केली. ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मोबाईलमधल्या दहा चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायलं, आणि खाली वाकून जीभ बाहेर काढली. ताईंची जीभ पूर्ण बाहेर होती आणि ती काहीही बोलत नव्हती. असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर मी त्या ऑफिसात होते तोवरही कधी नाही.

"बरी आहे," मंजुळामावशी म्हणाल्या. "घे आता, सुरू कर."

आजींनी घसा साफ केला.